औषधाचा देठ आणि रुग्णाची कनवटी

२३ जुलै २०२४ रोजी संसदेत सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात कर्करोगावरील तीन औषधांना सीमाशुल्कातून पूर्ण सूट देण्यात आली. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन, ओसिमर्टिनिब आणि डुर्व्हालुमॅब अशी उच्चारतानाच जीभ अडखळावी ती तीन नावे. दहा टक्के शुल्क गेले, रुग्णांच्या कुटुंबांना तेवढा दिलासा मिळाला, आणि या निर्णयाचे स्वागत करण्यात कोणी हात आखडता घेतला नाही. तो घेण्याचे कारणही नव्हते. तथापि या तीन नावांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या नावाकडे किंचित बारकाईने पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ही दोन्ही औषधे प्रतिपिंडांच्या जातीची आहेत. पहिल्यात प्रतिपिंडाचा देठ जाणीवपूर्वक शाबूत ठेवलेला आहे. तिसऱ्यात तोच देठ तितक्याच जाणीवपूर्वक निकामी करण्यात आला आहे. एकाच ओळीत करमाफी मिळालेल्या दोन औषधांच्या घडणीत असा परस्परविरोध का असावा, याचे उत्तर कर्कार्बुदाच्या आत, तेथील पेशींच्या पृष्ठभागावर आहे. आणि त्या उत्तराचा संबंध औषधांच्या किमतीशी, म्हणजे अखेरीस रुग्णाच्या कनवटीशी, वाटतो त्याहून पुष्कळ निकटचा आहे.

प्रतिपिंड हे रक्तातील एक प्रथिन. त्याचा आकार इंग्रजी वाय या अक्षरासारखा, किंवा देशी भाषेत सांगायचे तर बेचकीसारखा. बेचकीचे दोन फाटे शत्रूला पकडतात. खालचा दांडा, म्हणजेच देठ, काय करतो हे मात्र बराच काळ कोणाच्या लक्षात आले नव्हते. रॉडनी पोर्टर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सशाच्या रक्तातील प्रतिपिंडांवर पपईच्या चिकातील पापेन हा पाचक पदार्थ घातला, तेव्हा त्यांचे तुकडे झाले. (मांस लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईची फोड घालणाऱ्या स्वयंपाकघरांना या पाचकाचा गुण पोर्टरच्या फार पूर्वीपासून ठाऊक होता.) त्या तुकड्यांपैकी दोन प्रकारचे तुकडे शत्रूला पकडण्याचे काम पूर्ववत करीत राहिले, तिसरा ते करीत नव्हता, पण त्याचे सुरेख स्फटिक बनले. स्फटिक होणारा तुकडा म्हणून त्याला एफसी हे नाव पडले. पोर्टर आणि अमेरिकेचे जेराल्ड एडेलमन यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रतिपिंडाच्या या रचनेच्या उलगड्याबद्दल.

हा निरुपद्रवी वाटणारा देठ म्हणजे प्रतिपिंडाने मागे सोडलेली शेंडी आहे. फाट्यांनी शत्रू पकडला की देठ बाहेरच्या बाजूस उभा राहतो, आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्याला धरतात. त्या धरू शकतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावर नेमका हा देठ ओळखणारे रेणू असतात. शास्त्रज्ञ त्यांना एफसी ग्राही म्हणतात. नैसर्गिक मारक पेशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींवर ते असतात, तसेच मोडके-तोडके आणि परके जे काही दिसेल ते गिळणाऱ्या महाभक्षी पेशींवरही असतात. मात्र सर्व ग्राहींचा स्वभाव सारखा नाही. काही ग्राही देठ हाती लागताच पेशीला चेतवतात. ‘मार’ किंवा ‘गिळ’ असा हुकूम आत पोहोचवतात. एक ग्राही मात्र याच्या अगदी उलट वागतो. तो पेशीला लगाम घालतो. चाबूक आणि लगाम एकाच पेशीवर असू शकतात, आणि पेशी पुढे सरकते की थबकते हे त्या दोहोंच्या प्रमाणावर ठरते.

प्रतिपिंडांची औषधे बाजारात आली तेव्हा या देठाचा विचार फारसा झाला नव्हता. १९९८ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावर ट्रास्टुझुमॅबला मान्यता मिळाली. हर-२ नावाचा वाढीचा रेणू ज्या अर्बुदांच्या पेशींवर अतोनात असतो, त्यांची वाढ हे औषध रोखते. ते तसे का करते, याचे सर्वमान्य उत्तर असे होते, की औषधाचे फाटे त्या रेणूला जखडून टाकतात आणि वाढीचा संदेश खुंटतो. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री रॅव्हेच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उत्तरातील उणीव उघड केली. चेतवणारे ग्राहीच नसलेल्या उंदरांना त्यांनी हे औषध दिले. फाटे तेच होते, अर्बुदही त्याच प्रकारचे होते. परंतु औषधाचा प्रभाव बव्हंशी नाहीसा झाला. उलट लगामाचा ग्राही नसलेल्या उंदरांत तो वाढला. अर्थ स्पष्ट होता. औषधाचे निम्मे कर्तृत्व औषधात नसून ते घेणाऱ्याच्या पेशींत होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबून विचार करावासा वाटेल. एखाद्या वस्तूची उपयुक्तता ती घेणाऱ्यावर अवलंबून असते, हे तत्त्व त्याला नवे नाही. तहानलेल्याला पाण्याचे मोल अधिक, हे तो पहिल्याच वर्षी शिकतो. परंतु तहानलेल्याला आपण तहानलेले आहोत हे ठाऊक असते. कर्करोगाच्या रुग्णाला आपल्या अर्बुदातील महाभक्षी पेशींवर चाबूक अधिक आहेत की लगाम, हे ठाऊक नसते. त्याच्या डॉक्टरलाही सहसा नसते. आणि औषध विकणाऱ्या कंपनीला ते शोधून काढण्यात स्वारस्य असण्याचे कारण नसते. ज्यांना उपयोग होणार नाही अशांना वगळणारी चाचणी म्हणजे गिऱ्हाईक कमी करणारी चाचणी. असे ज्ञान बाजार आपणहून निर्माण करील, ही अपेक्षा भाबडी आहे.

घन अर्बुदाच्या आत शिरले की हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. रक्ताच्या कर्करोगात औषध, कर्कपेशी आणि मारक पेशी एकाच प्रवाहात वाहत असतात. त्यांची गाठ पडणे सोपे. स्तन, फुप्फुस, आतडे किंवा तोंड यांच्या अर्बुदात प्रतिपिंडासारखा मोठा रेणू आत झिरपायलाच वेळ लागतो. तेथे मारक पेशी बहुधा थोड्या असतात, महाभक्षी पेशी पुष्कळ. आणि या महाभक्षी पेशींपैकी अनेक जणी अर्बुदाच्या सहवासात राहून त्याच्याच मदतनीस झालेल्या असतात. कोतवालाने चोराच्या घरी जेवायला बसावे तसा हा प्रकार आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा २०१७ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथील संशोधकांनी दिला. टी पेशींवरील पीडी-१ हा रोधक रेणू झाकून त्या पेशींना मोकळे करणारी प्रतिपिंडे २०१४ पासून अमेरिकेत औषध म्हणून वापरात आली होती. या औषधांचे काम फाट्यांचे आहे. देठाची त्यांना गरज नाही. संशोधकांनी जिवंत उंदराच्या अर्बुदात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा औषध टी पेशींवर बसलेले दिसले. पण थोड्याच वेळात शेजारच्या महाभक्षी पेशींनी आपल्या एफसी ग्राहींच्या साहाय्याने ते देठाला धरून काढून घेतले आणि गिळून टाकले. ग्राही अडवून ठेवले तेव्हा औषध टी पेशींवर अधिक काळ टिकले आणि उंदरांची अर्बुदे अधिक प्रमाणात नष्ट झाली. ट्रास्टुझुमॅबला ज्या ग्राहीची मैत्री हवी, तोच ग्राही येथे खिसेकापू ठरला. डुर्व्हालुमॅबचा देठ निकामी का केला आणि ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅनचा का ठेवला, याचे मर्म या विरोधात आहे. डुर्व्हालुमॅबचे काम पेशीवरील एक रेणू झाकण्यापुरतेच आहे. देठ जिवंत ठेवला तर मारायला नको त्या पेशीही मारल्या जातील. दुसऱ्या औषधाला कर्कपेशीचा नाशच हवा आहे.

कर्कपेशी स्वतःही या व्यवहारात स्वस्थ बसत नाहीत. मेलॅनोमा हा त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग शरीरात दूरवर पसरतो, तेव्हा त्याच्या काही अर्बुदांत कर्कपेशींच्या पृष्ठभागावरच लगामाचा ग्राही आढळतो. अशा पेशी प्रतिपिंडांच्या साहाय्याने होणाऱ्या हल्ल्याला कमी बळी पडतात, असे फ्रेंच संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. शत्रूच्या मनगटावर आलेला देठ शत्रूनेच मुठीत धरला, तर पोलिसाच्या हाती काय लागणार?

मग रुग्णागणिक फरक मोजता येत नाही काय? अंशतः येतो. मारक पेशींवरील एका ग्राहीच्या साखळीत १५८ व्या स्थानी काही लोकांत व्हॅलिन असते, तर काहींत फेनिलअॅलॅनिन. पहिल्या प्रकारचा ग्राही देठाला अधिक घट्ट धरतो. २००२ मध्ये फ्रान्समधील अभ्यासात लसिकार्बुदाच्या ज्या रुग्णांना आईवडील दोघांकडून पहिला प्रकार मिळाला होता, त्यांना रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाचा अधिक गुण आला. घन अर्बुदांच्या बाबतीत मात्र चित्र इतके स्वच्छ नाही. ट्रास्टुझुमॅबबाबत २००८ मध्ये इटलीतील एका लहान अभ्यासात संबंध दिसला. २०१२ मध्ये हजाराहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात तो दिसला नाही. २०१७ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात पुन्हा दिसला. देठ सुधारून ग्राहीशी अधिक घट्ट जुळवलेले मार्गेटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये मान्य झाले. ५३६ रुग्णांच्या चाचणीत त्याने रोगाची पुनर्वाढ सरासरीने ४.९ ऐवजी ५.८ महिन्यांपर्यंत लांबवली. आयुष्य मात्र वाढले नाही. अंतिम हिशेबात दोन्ही गटांचे आयुर्मान पावणेबावीस महिन्यांच्या आगेमागेच राहिले. तेव्हा देठ सुधारला की रोग हटला, असा उत्साही निष्कर्ष काढणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे. ग्राही हा व्यवहारातील एक पक्ष आहे, संपूर्ण व्यवहार नव्हे.

परंतु ग्राहीकडे काणाडोळा केला तर काय होते, याचेही उदाहरण आहे, आणि ते ग्राहकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. देठावर शर्करेची एक लहानशी साखळी असते. तिच्यातील फ्यूकोज नावाचा घटक गळला, तर देठ मारक पेशींच्या ग्राहीला कित्येक पटींनी घट्ट चिकटतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत मूळ ट्रास्टुझुमॅबच्या, म्हणजे हर्सेप्टिनच्या, शंभराहून अधिक उत्पादन-गटांची तुलना करण्यात आली. ऑगस्ट २०१८ ते डिसेंबर २०१९ या काळात मुदत संपणाऱ्या गटांत शर्करेचे प्रमाण सरकलेले आढळले. ग्राहीशी बंध आणि कर्कपेशी मारण्याची शक्ती दोन्ही उतरल्या होत्या. तपासणी करणारे संशोधक प्रतिस्पर्धी कंपनीचे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढे त्याच कंपनीच्या चाचणीच्या आकडेवारीत असे दिसले, की उतरलेल्या गटांतील औषध मिळालेल्या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक होते. हा हिशेब चाचणी झाल्यानंतर मांडलेला असल्यामुळे त्याला अंतिम पुरावा म्हणता येणार नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. कुपीवरील नाव तेच होते, मिलीग्रॅमही तेवढेच होते, आणि शक्ती उतरली म्हणून भाव उतरल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. धान्याच्या दुकानात वजन बरोबर आणि दाणा पोकळ असला, तर वजनमापे निरीक्षकाला बोलावता येते. येथे निरीक्षक कोण?

भारतात हा प्रश्न अधिक तीव्रतेने विचारला गेला पाहिजे, कारण प्रतिपिंडांची स्वस्त प्रतिरूपे घडवण्यात भारत अग्रेसर आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्येच रिटुक्सिमॅबचे प्रतिरूप बाजारात आणले. रोश कंपनीने २०१३ मध्ये ट्रास्टुझुमॅबच्या भारतीय पेटंटवरील हक्क सोडल्यानंतर, बंगळूरच्या बायोकॉनने २०१४ च्या आरंभी आपले प्रतिरूप विक्रीस काढले. ४४० मिलीग्रॅमच्या कुपीचा भाव ५७,५०० रुपये होता, म्हणजे मूळ औषधापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये त्याला अमेरिकेचीही मान्यता मिळाली. तरीही हिशेब करून पाहावा. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला पहिली मात्रा ४४० मिलीग्रॅम आणि नंतर दर तीन आठवड्यांनी ३३० मिलीग्रॅम लागते. वर्षाच्या अठरा मात्रांची बेरीज ६,०५० मिलीग्रॅम, म्हणजे चौदा कुप्या. २०१४ च्या भावाने आठ लाख रुपये. कनिष्ठ लिपिकाच्या त्या वेळच्या दोन वर्षांच्या पगारात न मावणारी ही रक्कम होती. स्पर्धेमुळे नंतर भाव उतरले, हे खरे. पण कोणतेही प्रतिरूप स्वीकारताना खरेदीदार रुग्णालय कोणता आकडा पाहते? भाव. देठाचा ग्राहीशी बंध किती, हा आकडा मान्यतेच्या वेळी कंपनी सरकारला देते; कारण प्रतिरूपांसाठी २०१२ मध्ये आखलेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक क्रियेची तुलना मागितलेली आहे. तो आकडा दरवर्षी, उत्पादन-गटागणिक प्रसिद्ध व्हावा, अशी अट सरकारी निविदेत घालण्यास काय हरकत आहे? मूळ औषधालाही तीच अट लागू करावी. हर्सेप्टिनचे उदाहरण पाहता संशय केवळ प्रतिरूपांवर घेण्याचे कारण नाही. कर्करोग रुग्णालयांचे राष्ट्रीय जाळे, म्हणजे नॅशनल कॅन्सर ग्रिड, याने चाळीस औषधांची एकत्रित खरेदी करून भाव मोठ्या प्रमाणात खाली आणले आहेत. जो भावासाठी घासाघीस करू शकतो, तो गुणासाठीही करू शकतो.

दुसरा प्रश्न मात्रेचा. औषध किती द्यावे आणि किती काळ द्यावे, हे मुख्यत्वे कंपनीच्या चाचण्यांवरून ठरते, आणि कमी औषध पुरते काय, हे तपासण्यासाठी पैसे खर्चणारा उत्पादक विरळा. ब्रिटनमध्ये सरकारी पैशाने झालेल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत सहा महिने आणि बारा महिने ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्यांची तुलना केली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार चार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ८९.४ आणि ८९.८ टक्के होते. फ्रान्समधील चाचणीला मात्र सहा महिने पुरेसे असल्याचे सिद्ध करता आले नाही, आणि म्हणून जगभर वर्षाचाच परिपाठ चालू राहिला. सहा महिने कोणाला पुरतात आणि कोणाला वर्ष लागते, हे वेगळे काढण्यात ग्राहींच्या मोजमापाचा उपयोग होऊ शकेल काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वरील उदाहरणातील स्त्रीच्या बाबतीत तो चौदा कुप्या की सात, असा आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने या दिशेने एक धाडसी पाऊल टाकले. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील या रुग्णालयात डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी झाली. तंबाखूने ग्रासलेल्या या देशात या रोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. एका गटाला स्वस्त गोळ्यांचा उपचार दिला; दुसऱ्याला त्याच्या जोडीला पीडी-१ वरील निव्होलुमॅब हे प्रतिपिंड दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलीग्रॅम. रूढ मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही ही कमी होती. वर्षअखेर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के. पूर्ण मात्रेशी तुलना या चाचणीत नव्हती; तेव्हा वीस मिलीग्रॅम पूर्ण मात्रेइतकेच काम करते असा अर्थ कोणी काढू नये. पण पूर्ण मात्रा ज्यांच्या स्वप्नातही येऊ शकत नाही, त्यांच्यापुढे पर्याय पूर्ण मात्रा की अल्प मात्रा असा नव्हताच; तो अल्प मात्रा की काहीच नाही, असा होता.

अल्प मात्रा पुरते, याचे एक कारण असे सांगितले जाते, की रक्तातील टी पेशींवरील पीडी-१ थोड्याशा औषधानेही बहुतांशी झाकला जातो. परंतु रक्त म्हणजे अर्बुद नव्हे. बॉस्टनच्या उंदरांत औषधाची चोरी झाली ती अर्बुदात. मनुष्याच्या तोंडाच्या अर्बुदातही महाभक्षी पेशी तेच करीत असतील, तर ज्याच्या अर्बुदात त्या थोड्या, त्याला वीस मिलीग्रॅम पुरावे. आणि ज्याच्यात त्यांची गर्दी, त्याला ते कदाचित पुरू नये. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. पण तो तपासता येण्याजोगा आहे, आणि तपासण्याचा खर्च औषधांच्या खर्चाच्या मानाने क्षुल्लक आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की ज्या देशात रुग्ण तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत रुग्णालयाची पायरी चढतो, तेथे पेशींवरील रेणू मोजण्याच्या गोष्टी करणे ही चैन आहे. आधी सर्वांना निदान मिळू द्या, मग ग्राहींचे पाहू. आक्षेपात तथ्य आहे, आणि निदानाच्या सोयींतून एक रुपयाही कोणी इकडे वळवू नये. पण आयुष्मान भारत योजनेची कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांची मर्यादा डोळ्यांसमोर ठेवली, तर चैन कशाला म्हणावे याचा फेरविचार करावा लागतो. ज्याच्या अर्बुदात औषध गिळलेच जाणार आहे, त्याच्यावर ही मर्यादा खर्ची घालणे ही खरी चैन होय. ती सरकारला परवडत नाही. आणि मर्यादा संपल्यावर दोन एकर जमीन गहाण टाकणाऱ्या कुटुंबाला तर मुळीच नाही.

१९७५ मध्ये केंब्रिजच्या सरकारी प्रयोगशाळेत जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी एकाच वाणाची प्रतिपिंडे हवी तितकी पिकवण्याची युक्ती शोधली, तेव्हा तिचे पेटंट घेतले गेले नाही. ब्रिटनमध्ये त्यावरून पुढे बराच त्रागा झाला. पण आज विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य प्रतिपिंड-औषधांचे मूळ त्या सार्वजनिक पैशाने झालेल्या कामात आहे, आणि ते सर्वांना खुले होते म्हणूनच त्याचा विस्तार एवढा झाला. देठ आणि ग्राही यांच्याविषयीचे जे ज्ञान आता हवे आहे, तेही याच जातीचे आहे: सर्वांच्या उपयोगाचे आणि कोणाच्याच नफ्याचे नसलेले. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या अर्बुदाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून जपून ठेवण्याची प्रथा कर्करोग रुग्णालयांत जुनी आहे. उपचार कोणता दिला, मात्रा किती दिली आणि रुग्ण किती जगला, याच्या नोंदी त्याच रुग्णालयाच्या दप्तरात असतात. ठोकळ्यातील महाभक्षी पेशी आणि त्यांच्यावरील ग्राही मोजायचे, आणि दप्तरातील नोंद शेजारी ठेवायची, एवढेच करायचे आहे. ते करणाऱ्या दोन तंत्रज्ञांचा वर्षाचा पगार २०१४ च्या भावाने ट्रास्टुझुमॅबच्या चौदा कुप्यांइतका तरी होईल की नाही, याची शंका आहे.